रशियन सम्राटांचे ब्राँझ अर्धपुतळे: पारख, खरेदी आणि जतन

रशियन शासकाचा ब्राँझचा अर्धपुतळा घ्यावा असे ज्याच्या मनात येते, तो बहुधा चेहऱ्यापासून सुरुवात करतो. हा पीटर आहे का, ही कॅथरिन आहे का, भरघोस दाढी आहे म्हणजे तिसरा अलेक्झांडर असावा का, असे प्रश्न त्याला आधी पडतात. हे कुतूहल स्वाभाविक आहे, पण संग्रहाचा पाया त्यावर घालू नये. एकाच सम्राटाचा एकच चेहरा सेंट पीटर्सबर्गच्या नामांकित ओतशाळेतून ब्राँझमध्ये निघाला, उरलमधल्या कारखान्यातून ओतीव लोखंडात निघाला, जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूत निघाला आणि अलीकडे पर्यटकांसाठी ब्राँझची भुकटी मिसळलेल्या राळेतही निघतो. या सगळ्यांमधला फरक चेहऱ्यात क्वचितच सापडतो. तो धातूत, मापात, तळाशी आणि शिक्क्यात असतो. आपण सम्राट विकत घेत नसून ओतकाम विकत घेत आहोत, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवली तर पुढचे बरेच नुकसान टळते.

आधी नजर तयार करावी

खरेदीपूर्वी उत्तम काम कसे असते ते पाहून घ्यावे, आणि त्यासाठी कार्लो बार्तोलोमेओ रास्त्रेल्ली याने केलेल्या पीटर द ग्रेटच्या अर्धपुतळ्याइतका चांगला नमुना नाही. हा इटालियन शिल्पकार 1716 साली सेंट पीटर्सबर्गला आला, 1719 साली त्याने जिवंत पीटरच्या चेहऱ्याचा साचा घेतला आणि त्याच्या आधारे 1723 साली हा अर्धपुतळा घडवला. तो आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्याची छायाचित्रे मोठी करून सावकाश पाहावीत. गळ्याजवळच्या लेसची भोके आरपार दिसतात, खांद्यावरच्या राजवस्त्राचा मऊ केसाळपणा आणि चिलखताचा कठीण गुळगुळीतपणा एकाच धातूत वेगवेगळा जाणवतो, आणि छातीवरच्या चिलखतावर पोल्टाव्हाच्या, म्हणजे पीटरने स्वीडनला हरवले त्या लढाईचा छोटा उठावदार देखावा कोरलेला आहे. हे सारे ओतल्याबरोबर आपोआप येत नाही. ओतीव धातू थंड झाल्यावर कारागीर छिन्न्या, कानशी आणि ठोकण्या घेऊन प्रत्येक केस, प्रत्येक काठ पुन्हा उकरतो. अर्धपुतळ्याची खरी किंमत या नंतरच्या कामात असते, आणि नकलेत नेमके तेच गाळलेले असते.

फेदोत शुबिन याने घडवलेला पहिल्या पॉलचा अर्धपुतळाही असाच अभ्यासावा. बसके नाक आणि पुढे आलेले कपाळ शिल्पकाराने लपवलेले नाही, तरीही राजेपणाला कुठे बाधा आलेली नाही. डेन्मार्कचा शिल्पकार थोरवाल्डसेन याने 1820 साली वॉर्सा येथे पहिल्या अलेक्झांडरला समोर बसवून त्याचा अर्धपुतळा केला. पुढे त्याच्या अनेक प्रती निघाल्या. अशा मूळ नमुन्यांची ओळख असली, की बाजारातली प्रत कोणत्या शिल्पावरून उतरली आहे हे बऱ्याचदा एका नजरेत कळते.

बाजारात प्रत्यक्षात काय येते

दरबारासाठी घडवलेली कामे संग्रहालयांत आहेत. सामान्य संग्राहकाच्या हाती येतात ते एकोणिसाव्या शतकातल्या ओतशाळांनी टेबलावर किंवा कपाटावर ठेवण्यासाठी काढलेले छोटे अर्धपुतळे. या काळाला एक खास कारण आहे. रशियन राजपरंपरेचा मूळपुरुष मानल्या जाणाऱ्या रूरिकच्या आगमनाचे 862 हे साल धरून 1862 साली रशियन राज्याची हजार वर्षे साजरी झाली आणि नोव्हगोरोद येथे मिकेशिन या कलावंताच्या आराखड्यावरून भव्य स्मारक उभे राहिले. त्यामुळे राजांच्या अखंड परंपरेविषयीची आवड सुशिक्षित घरांपर्यंत पोहोचली होती. याच दशकात फ्रेंच ओतारी फेलिक्स शोपेन याच्या सेंट पीटर्सबर्गमधल्या ओतशाळेने रूरिकपासून तत्कालीन सम्राट दुसऱ्या अलेक्झांडरपर्यंतच्या शासकांची छोट्या ब्राँझ अर्धपुतळ्यांची मालिका काढली. तिचे नमुने याकोव सेर्याकोव या शिल्पकाराचे होते. माझ्या मते नवख्या संग्राहकाने हीच मालिका केंद्रस्थानी ठेवावी. एका शिल्पकाराचा हात, एका ओतशाळेचे काम आणि एकच सर्वसाधारण धाटणी असल्यामुळे एक अस्सल नग नीट अभ्यासला की पुढचा तपासणे सोपे जाते.

शोपेनखेरीज वेर्फेल, श्तांगे आणि मोरान या सेंट पीटर्सबर्गच्या ओतशाळांची नावेही शिक्क्यांत आढळतात. उरलमधील कास्ली येथील कारखाना मात्र ओतीव लोखंडासाठी प्रसिद्ध आहे. तिथले काळ्या रंगाचे अर्धपुतळे अत्यंत रेखीव असतात आणि त्यांचा स्वतंत्र संग्रह जरूर करावा, पण ते ब्राँझ म्हणून आणि ब्राँझच्या भावाने घेऊ नयेत. रोमानोव घराण्याच्या राज्यारोहणाला 1913 साली तीनशे वर्षे झाली, तेव्हाही मिखाईल रोमानोव आणि दुसरा निकोलस यांच्या प्रतिमा असलेल्या स्मरणवस्तू मोठ्या संख्येने निघाल्या.

त्यानंतर चित्र पालटले. एप्रिल 1918 मध्ये सोव्हिएत सरकारने झारांच्या आणि त्यांच्या सेवकांच्या सन्मानार्थ उभारलेली स्मारके हटवण्याचा हुकूम काढला आणि चौकांतले अनेक मोठे पुतळे वितळवले गेले. घरातले लहान अर्धपुतळे लपवता येत होते, स्थलांतरितांच्या सामानातून बाहेर नेता येत होते, आणि 1920 व 1930च्या दशकांत खुद्द सरकारनेही परकीय चलनासाठी जुन्या वस्तू परदेशी विकल्या. जुने रशियन ब्राँझ आज पॅरिस, लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये वारंवार दिसते त्यामागे हा इतिहास आहे.

सोव्हिएत नेत्यांचे अर्धपुतळे हा वेगळा प्रांत आहे. लेनिनचे लहान अर्धपुतळे शिक्षणासाठी किंवा शिष्टमंडळातून गेलेल्या मंडळींबरोबर महाराष्ट्रातही आले. त्यांतले पुष्कळसे ब्राँझचे नसून ॲल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूचे, वरून ब्राँझचा रंग दिलेले असतात, आणि तळाशी कारखान्याच्या खुणेबरोबर रूबल-कोपेकमधली किंमतही कधी कधी ओतलेली दिसते. निकोलाय तोम्स्की याच्यासारख्या नामवंत शिल्पकाराच्या नमुन्याचे खरे ब्राँझ मिळाले तर ते आवर्जून घ्यावे. स्टालिनच्या क्रेमलिनच्या भिंतीजवळील थडग्यावर 1970 साली बसवलेला अर्धपुतळाही तोम्स्कीचाच आहे.

चेहरा, पदके आणि गणवेश

चेहरा ओळखण्याचे काम पुढील खुणांनी बरेचसे पार पडते. पीटरच्या ओठावर आखूड, दोन्ही बाजूंना फेंदारलेली मिशी असते. पहिल्या अलेक्झांडरच्या कपाळावरचे केस मागे गेलेले, गालावर कल्ले असतात, मिशी मात्र नसते. पहिला निकोलस मिशीचा पण दाढीविना. दुसऱ्या अलेक्झांडरची मिशी कल्ल्यांना जाऊन मिळते. तिसऱ्या अलेक्झांडरची दाढी भरघोस आणि दुसऱ्या निकोलसची आटोपशीर असते. निळ्या पट्ट्याचा सेंट अँड्र्यू हा सर्वोच्च सन्मान उजव्या खांद्यावरून, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून, तिरपा उतरतो. सेंट अलेक्झांडर नेव्हस्की या सन्मानाचा लाल पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. ब्राँझमध्ये रंग नसल्यामुळे ही दिशाच उपयोगी पडते. दुसरा निकोलस सम्राट झाल्यावरही कर्नलच्याच हुद्द्यावर राहिला, त्यामुळे त्याच्या खांद्यावर सेनापतीची चिन्हे दिसली तर नमुना करणाऱ्याने अभ्यास केला नव्हता असे समजावे.

पीटरपूर्व शासकांबाबत अपेक्षा वेगळी ठेवावी लागते. रूरिक किंवा त्याच्यानंतरचा ओलेग यांचे समकालीन चित्र अस्तित्वात नाही. त्यांचे चेहरे शिल्पकाराच्या कल्पनेतले आहेत. नंतरच्या राजपुत्रांसाठी आणि झारांसाठी 1672 साली दरबारात तयार झालेल्या सचित्र पदवीग्रंथासारखे आधार होते, पण त्यांतल्याही जुन्या प्रतिमा काल्पनिकच होत्या. याला एक विलक्षण अपवाद आहे. मिखाईल गेरासिमोव या शास्त्रज्ञाने कवटीवरून चेहरा उभा करण्याची पद्धत विकसित केली, आणि 1963 साली क्रेमलिनमधील इव्हान द टेरिबलची कबर उघडल्यावर त्याने इव्हानचा अर्धपुतळा घडवला. एकोणिसाव्या शतकातला इव्हान आणि गेरासिमोवचा इव्हान शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कल्पना आणि हाडांचा पुरावा यांतले अंतर डोळ्यांसमोर येते. ज्याला इतिहासाची ओढ आहे त्याने या दोन इव्हानांच्या प्रती जरूर एकत्र कराव्यात. रूरिकपासून पुढच्या शासकांच्या चेहऱ्यांशी ओळख करून घेण्यासाठी मॉस्कोत 2017 साली उभी राहिलेली, झुराब त्सेरेतेली यांच्या ब्राँझ अर्धपुतळ्यांची वीथीही उपयोगी आहे, मात्र ती आधुनिक नजर आहे हे विसरू नये.

अर्धपुतळा उलटा करावा

आता मुख्य काम. अर्धपुतळा हातात आला की मऊ कापड पसरून तो आडवा ठेवावा आणि तळ पाहावा. जुन्या ओतकामात आतली बाजू ओबडधोबड असते. कोपऱ्यांत साच्यातल्या गाभ्याची करडी, भाजल्यासारखी माती चिकटून राहिलेली दिसते, धातूची भिंत मात्र काही मिलिमीटरच जाड आणि बऱ्यापैकी एकसारखी असते. अर्धपुतळा बैठकीला जोडणारा आटा हाताने कापलेला असेल तर त्याचे दात किंचित असमान असतात. आतून एकसारखा काळा रंग फासलेला असेल, भिंत कुठे फार जाड कुठे फार पातळ असेल आणि नटबोल्ट कोरे करकरीत असतील, तर सावध व्हावे. नटबोल्ट दुरुस्तीत बदललेलेही असू शकतात, तेव्हा एवढ्या एकाच खुणेवरून नग नाकारू नये.

नंतर लोहचुंबक लावावा. तो पृष्ठभागाला चिकटला तर धातू लोखंड आहे. आतल्या लोखंडी बोल्टाजवळ तो ओढला जाणारच, म्हणून गाल, कपाळ आणि पाठ येथे लावून पाहावा. जस्ताचा मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाही, पण जिथे वरचा थर उडालेला असतो तिथे तो रुपेरी करडा दिसतो. ब्राँझ त्याच जागी पिवळसर किंवा तांबूस दिसते. ही जागा नाकाचे टोक, कानाची कड किंवा बैठकीचा कोपरा येथे आपोआप सापडते. मुद्दाम ओरखडा काढू नये. राळेचा नग हाताला लगेच कोमट लागतो आणि आकाराच्या मानाने हलका असतो, त्याच्या आतल्या बाजूला हवेचे बारीक बुडबुडेही दिसतात.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे अस्सल अर्धपुतळ्यावरून साचा काढून नव्याने ओतलेली ब्राँझची प्रत. धातू खरा, चेहरा खरा, शिक्काही साच्यातून उतरलेला. इथे फूटपट्टी मदतीला येते. ब्राँझ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसते, त्यामुळे तीस सेंटिमीटरच्या मूळ नगावरून काढलेली प्रत जवळपास अर्धा सेंटिमीटर बुटकी भरते. संग्रहालयाच्या किंवा विश्वासार्ह लिलावाच्या नोंदीतली उंची बैठकीसह आहे की बैठकीविना, हे आधी पाहावे. शक्यतो हनुवटीपासून केसांच्या टोकापर्यंत किंवा खांद्याची रुंदी अशी निश्चित मापे जुळवावीत. ओतशाळा एकच नमुना लहान-मोठ्या आकारांत काढत असत, तेव्हा मोठा फरक म्हणजे वेगळी आवृत्ती असू शकते. नेमका एक-दोन टक्क्यांचा फरक संशयास्पद असतो.

मापाच्या जोडीला रेखीवपणा तपासावा. साच्यावरून साचा काढताना बारकावे हरवतात आणि खांद्यावरच्या झालरी, पदकाच्या ताऱ्याचे किरण, डोळ्यांच्या कडा हातोहाती फिरून झिजलेल्या नाण्यासारख्या बुजतात. भिंगातून पाहिल्यावर अस्सल कामात छिन्नीचे सूक्ष्म, एका दिशेने गेलेले घाव दिसतात. शिक्काही याच भिंगाखाली ठेवावा. धातू थंड झाल्यावर ठोकलेल्या किंवा कोरलेल्या अक्षरांच्या कडा धारदार असतात. साच्यातून आलेली अक्षरे गोलसर आणि उथळ दिसतात. मूळ नगातही अक्षरे नमुन्यातच कोरून ओतलेली असू शकतात, म्हणून अक्षरांची धार आणि आसपासच्या कपड्यांच्या घड्यांची धार एकमेकींशी जुळते का, ते पाहावे.

लेखनपद्धतीही वाचता आली पाहिजे. 1918 सालच्या सुधारणेपूर्वीच्या रशियन लिपीत कठोर व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी कठोर चिन्ह लिहीत. ते इंग्रजी छोट्या बी अक्षरासारखे असून त्याच्या वरच्या टोकाला डावीकडे लहान आडवी रेघ असते. पीटर, अलेक्झांडर, सम्राट, शोपेन या शब्दांच्या शेवटी ते जुन्या लेखात असायलाच हवे. निकोलाय किंवा येकातेरिना या नावांना ते लागत नाही. ‘महान’ या अर्थाच्या वेलिकी या शब्दात त्या काळी टिंब असलेला उभा इ येत असे. रशियन अक्षरांत शोपेनचे नाव आहे पण शेवटी कठोर चिन्ह नाही, अशी वस्तू एकोणिसाव्या शतकातली म्हणून विकली जात असेल तर ती खाली ठेवावी. ओतशाळेचे नाव फ्रेंच अथवा जर्मन पद्धतीने रोमन अक्षरांतही आढळते, आणि ते संशयाचे कारण नाही. दुतोंडी गरुडाच्या शिक्क्यालाही अवास्तव महत्त्व देऊ नये. प्रदर्शनांत गौरवलेल्या कारखान्यांना राजचिन्ह वापरण्याची मुभा मिळत असे, त्यामुळे गरुड म्हणजे राजवाड्यातली वस्तू असा अर्थ होत नाही.

खरेदी करताना

दुरून खरेदी करायची असेल तर समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून आणि तळाकडून काढलेली छायाचित्रे, शिक्क्याचे जवळून घेतलेले छायाचित्र, बैठकीविना उंची आणि वजन इतके मागावे. जो विक्रेता तळाचे छायाचित्र देण्यास टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. सूचीतली भाषा काळजीपूर्वक वाचावी. ‘अमुक शिल्पकाराचा’ आणि ‘अमुक शिल्पकाराच्या नमुन्यावरून’ या दोन वर्णनांत किमतीचा मोठा फरक दडलेला असतो. 2022 साली लंडनच्या मोठ्या लिलावगृहांनी रशियन कलेचे खास लिलाव रद्द केले. पाश्चात्त्य निर्बंधांमुळे आजही वस्तू कोणत्या देशातून आणि कोणाकडून येते याची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी लागते. रशियातून शंभर वर्षांहून जुनी वस्तू रीतसर परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही, त्यामुळे फार पूर्वीच पश्चिमेकडे गेलेला आणि तसा कागद असलेला नग घेणे शहाणपणाचे आहे.

वस्तू पाठवून घेताना अर्धपुतळा आणि संगमरवरी बैठक वेगवेगळी बांधायला सांगावी. जोडलेल्या अवस्थेत पाठवलेला जड धातू वाटेतल्या हादऱ्याने दगडाचा कोपरा उडवतो.

पावसाळा आणि निगा

जुन्या ब्राँझवरचा तपकिरी, काळपट किंवा हिरवट थर, ज्याला संग्राहक पॅटिना म्हणतात, तो मळ नव्हे. ओतशाळेने रसायने आणि उष्णता वापरून तो मुद्दाम चढवलेला असतो आणि काळाने त्यात खोली येते. आपल्या घरांत पितळेची समई किंवा तांब्याचा तांब्या चिंच, लिंबू किंवा पितांबरीने लखलखीत करण्याची सवय असते. ती या वस्तूला चुकूनही लावू नये, कारण एकदा उतरलेला थर परत येत नाही आणि वस्तूची किंमतही त्याबरोबर उतरते. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, नायट्राइल हातमोजे घालून उचलावे आणि वर्षातून एकदा सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) अगदी पातळ हात द्यावा.

मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या संग्राहकांनी अधिक जपावे. समुद्रावरच्या हवेतले क्षार आणि पावसाळ्यातला दमटपणा एकत्र आले की धातूवर फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके उठतात, आणि पुसून काढले तरी काही दिवसांत त्याच जागी पुन्हा येतात. हा ब्राँझचा रोग आहे. तो क्लोराइडमुळे होतो आणि आत पोखरत जातो. असा ठिपका दिसताच नग वेगळा काढून कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि धातूंवर काम करणाऱ्या संवर्धकाकडे न्यावा. एरवी काचेच्या बंद कपाटात सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास राखता आली तर उत्तम. लहान आर्द्रतामापक फार महाग नसतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत सिलिका जेल वेळोवेळी तापवून कोरडे करत राहावे.

कागदपत्रे

भारतात 1972च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने शिल्प पुरावस्तूच्या व्याख्येत बसते, आणि पुरावस्तूची खासगी निर्यात करता येत नाही. तेव्हा परदेशातून आणलेल्या जुन्या अर्धपुतळ्याच्या आयातीची सीमाशुल्काची कागदपत्रे, विक्रेत्याची पावती आणि आगमनाच्या वेळची छायाचित्रे एकत्र जपून ठेवावीत, आणि नोंदणीची गरज आहे का हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारून घ्यावे. प्रत्येक नगाचे एक पान करावे: शासकाचे नाव, शिल्पकार, ओतशाळा, धातू, बैठकीसह आणि बैठकीविना मापे, वजन, शिक्क्याचे शब्दशः वर्णन व त्याचे छायाचित्र, दुरुस्तीच्या खुणा, कोणाकडून आणि कधी घेतला. त्या पानाची एक प्रत घराबाहेर, शक्य तर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, कारण विम्याचा दावा करताना किंवा पुढे मुलाबाळांना तो नग विकावा लागला तर अर्धपुतळ्याइतकेच ते पान मागितले जाते.